करवंद घरच्या बागेत लागतं का हो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कुंपणाच्या झाडांबद्दल लिहिताना करवंदाचा मी एका ओळीत उल्लेख केला आणि पुढे गेले, पण बाकी सगळा लेख राहिला बाजूला आणि पत्रं, मेसेज आले ते करवंदावरच. बरंच झालं. डोंगरात फुकट मिळणारं झाड बागेत मुद्दाम लावायचं हे अजून बऱ्याच जणांना विचित्र वाटतं, नर्सरीत विचारलं तरी "ते रानात मिळतं की, विकत कशाला घेताय" असंच ऐकायला मिळतं. पण बारा महिने हिरवं, फुलांना वास, फळ खायचं, पाणी जेमतेम आणि वर गाईगुरं आत येऊ देणार नाही असं दुसरं झुडूप मला तरी माहीत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न देता गावं तेवढी ठेवलीत.

ताई, आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर थोडी जागा मिळालीये, कुंडीत करवंद होईल का? मला फार हौस आहे पण घरचे म्हणतात काटे आहेत, नको. आणि खत काय घालू? (ठाणे)

होईल. अट एकच, ऊन. दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन पाहिजे, टेरेसवर ते मिळेलच, पण हे वाचून कोणी उत्तरेच्या बाल्कनीत आणून ठेवाल तर झाड जगेल, पानं छान चकचकीत दिसतील आणि फळाचं नाव नाही. सुरुवातीला बारा इंची कुंडी चालते पण दोनेक वर्षांत अठरा इंची कुंडीत नाहीतर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये हलवा. खाली भोकं भरपूर पाडा, कारण हे झाड तहान सोसतं पण पाय ओले ठेवलेले अजिबात सोसत नाही.

मातीचं म्हणाल तर आजकाल टेरेसवर सगळे अर्धी कुंडी कोकोपीटने भरतात, इथे ते करू नका, त्यात पाणी फार वेळ राहतं. साधी लाल माती, त्यात विटांचे तुकडे किंवा जाड रेती आणि थोडं जुनं शेणखत, झालं. हे झाड कातळावर, मुरमात, जांभ्याच्या फटीत वाढतं, त्याला आपल्या लाडाची सवय नाहीये. वर्षातून एकदा जूनमध्ये दोन-तीन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत पुरे. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी चुकवू नका, "रानातलं झाड आहे, त्याला काय होतंय" म्हणून कुंडीतलं रोप मेमध्ये वाळवणारे लोक मी खूप बघितलेत. रानात मुळं खोल गेलेली असतात, कुंडीत कुठे जाणार?

काट्यांचं घरचे बरोबर बोलतायत. काटे सरळ, टणक, दोन-दोनच्या जोडीने असतात आणि चपलेतून आत जाऊ शकतात. येण्याजाण्याच्या वाटेत, नळाजवळ, कपडे वाळत घालतो तिथे कुंडी ठेवायची नाही. कोपऱ्यात, कठड्याच्या बाजूला ठेवा. आणि छाटलेल्या फांद्या लगेच उचला, वाळलेला काटा जास्त लागतो.

आमच्या शेतघराला करवंदाचं कुंपण आहे, लावून सहा-सात वर्षं झाली. झाडं एकदम दणदणीत, हिरवीगार, माणूस काय ससा पण आत येत नाही. पण फळं म्हणाल तर मूठभर. माळी दर दोन महिन्यांनी कात्री मारून एका लेव्हलला ठेवतो, युरिया पण देतो, तरी असं का? काही टॉनिक आहे का? (संगमनेर)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे हो. कात्री आणि युरिया, हे दोन्ही बंद करा आणि टॉनिकचे पैसे वाचवा.

करवंदाला फुलं येतात ती फांदीच्या शेंड्याला, गुच्छाने. पाच पाकळ्यांची, पांढरी, कुठे जराशी गुलाबी छटा, लांबून बघितलं तर जाई-कुंदाची आठवण येईल अशी. आता माळी दर दोन महिन्यांनी शेंडेच उडवतो म्हटल्यावर फुलं येणार कुठून? जी मूठभर फळं मिळतात ती बहुतेक कात्रीतून सुटलेल्या फांद्यांवरची असणार, यंदा नीट बघा, कुंपणाच्या आतल्या बाजूला किंवा खाली दडलेली असतील.

सह्याद्रीतल्या करवंदाचं वर्ष साधारण असं चालतं की थंडी सरता सरता फुलं, मार्च-एप्रिलमध्ये हिरवी फळं, मेमध्ये पिकून काळी आणि पाऊस सुरू झाला की खेळ खलास, पावसात भिजलेलं करवंद पचपचीत होतं. म्हणजे छाटायचं कधी, तर फळं संपल्यावर लगेच, जूनच्या सुरुवातीला. तेव्हा काय कापायचं ते एकदाच कापा. पावसात नवीन फूट येते, ती दिवाळीपर्यंत जून होते आणि पुढे तिच्याच टोकाला फुलं धरतात. तुम्ही ऑगस्टमध्ये कात्री मारली, ऑक्टोबरमध्ये मारली, डिसेंबरमध्ये मारली की प्रत्येक वेळी झाड बिचारं पुन्हा पानांपासून सुरुवात करतं. माझा नियम असा आहे की गणपती बसले की करवंदाची कात्री माळ्यावर.

आता तुम्ही म्हणाल की मग कुंपण विस्कटेल. विस्कटेल थोडं. भिंतीसारखं सरळ कुंपण आणि भरपूर करवंदं, दोन्ही एकाच झाडाकडून मागू नका. मधला मार्ग आहे, रस्त्याच्या बाजूने हवं तर सरळ ठेवा, तिकडची फळं तशीही येणारेजाणारे खातात, आणि आतली बाजू मोकळी सोडा. वरून सपाट करण्याऐवजी दरवर्षी आतल्या दोन-चार जुन्या, जाड, दाटीत अडकलेल्या फांद्या बुडाजवळून काढल्यात तर उजेड आत जाईल आणि फळ नुसतं टोकाला न येता सगळीकडे येईल. हातमोजे चामड्याचे घ्या, कापडी काही कामाचे नाहीत.

युरियाने पानं येतात, फळं नाही. शेणखत द्या, तेही पावसाच्या तोंडाला. आणि ड्रिप असेल तर दिवाळीनंतर पाणी आखडतं घ्या, मोठ्या झाडाला थंडीत पाण्याची गरजच नसते, फळ धरल्यावर एप्रिलमध्ये कधीतरी एखादं पाणी दिलंत तर फळ जरा मोठं होतं. आणखी एक, कुंपणासाठी तीन फुटांवर रोपं लावतात ते ठीक आहे, पण कोणाला फळांसाठीच लावायचं असेल तर सात-आठ फूट अंतर सोडा, झाड आडवं पसरतं.

नर्सरीतून "करवंदाची विदेशी जात" म्हणून रोप घेतलं. पानं जाड, गोलसर, चकचकीत, फूल मोठं, पांढरं, चांदणीसारखं आणि वास अप्रतिम. पण तीन वर्षांत एकच फळ आलं, ते पण लाल. फसवलं का मला? (पुणे)

अगदीच फसवलं नाही. वर्णनावरून हे नेटाल प्लम वाटतंय, शास्त्रीय नाव कॅरिसा मॅक्रोकार्पा. मूळ दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याचं. आपलं करवंद कॅरिसा करंडास, म्हणजे चुलत भावंडंच. ओळखायची खूण काट्यात आहे, नेटाल प्लमचा काटा टोकाला दुभागलेला, इंग्रजी वाय सारखा असतो. फळ आपल्या करवंदापेक्षा बरंच मोठं, लांबट, पिकलं की गडद लाल, आणि आत तसाच पांढरा चीक.

फळ न धरण्याची तक्रार या झाडाबद्दल सगळीकडेच आहे. त्याच्या मूळ देशात रात्री उडणारे पतंग आणि छोटे भुंगे परागीभवन करतात, दुसरीकडे ते काम नीट होत नाही, आणि काही झाडं स्वतःच्या परागावर फळ धरतच नाहीत. दोन उपाय आहेत. एक म्हणजे दुसरं रोप आणा, पण याच झाडाची फांदी लावून केलेलं नको, वेगळ्या ठिकाणचं घ्या. दुसरा उपाय म्हणजे संध्याकाळी बारीक ब्रश घेऊन एका फुलातून दुसऱ्या फुलात फिरवायचा. फुलाची नळी लांब आहे, ब्रश अगदी बारीक, चित्रकलेतला शून्य नंबरचा घ्या. आणि नर्सरीवाले शोभेसाठी बुटक्या जाती विकतात, त्यांच्याकडून फळाची फार अपेक्षा ठेवू नका. मला विचाराल तर वासासाठी ते राहू द्या आणि खाण्यासाठी शेजारी आपलं काळं करवंद लावा. खारा वारा ते झाड मस्त सोसतं, त्यामुळे अलिबाग-मालवणकडे किनाऱ्यावर बंगला असणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

आमच्याकडे काळी माती आहे, करवंद येईल का? आणि बाजारात पांढरी-गुलाबी करवंदं मिळतात लोणच्यासाठी, ती कच्ची असतात की जातच वेगळी? (नागपूर)

आधी मातीचं. काळ्या मातीत येतं, फक्त पावसात पाणी साठतं ते त्याला मारतं. सपाटीवर खड्डा करून लावू नका, त्या खड्ड्याची विहीर होते. दीड-दोन फूट उंचीचा मातीचा उंचवटा करा, त्यात मुरूम मिसळा आणि त्यावर लावा. तुमच्याकडचा उन्हाळा त्याला जड नाही.

पांढरी-गुलाबी म्हणता ती वेगळ्या प्रकारचीच. कोकणातलं, घाटातलं करवंद कच्चं असताना हिरवं आणि पिकलं की काळं-जांभळं. उत्तरेकडे जी लावतात ती पांढरट, गालावर गुलाबी लाली असलेली, आणि ती पावसाळ्यात, साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत बाजारात येतात. उत्तराखंडच्या पंतनगर विद्यापीठाने पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा अशा जाती निवडल्यात. आपल्याकडे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड ही जात आहे, फळ मोठं, ताजं खायला आणि लावायला मी तीच सुचवेन. विद्यापीठाच्या नर्सरीत जूनच्या आधी चौकशी करून ठेवा.

लोणचं, मुरांबा, जेली हा तुमचा बेत असेल तर गुलाबी चालेल, आंबट असते आणि पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली पटकन धरते. केकवर, पुडिंगवर जी लालभडक "चेरी" असते ना, ती पुष्कळदा हेच करवंद असतं, बिया काढून, साखरेच्या पाकात मुरवून, रंगवलेलं. लहानपणी ती चेरी वाटून घेण्यावरून भांडणं झालेली सगळी मंडळी हे वाचून जरा हिरमुसतील.

बी लावून झाड होतं का, की कलमच हवं? आमच्या मागच्या सड्यावर ढीगभर करवंदं आहेत, त्यातलं एक झाड साखरेसारखं गोड आहे, तेच मला अंगणात हवंय. (रत्नागिरी)

बी लावून झाड होतं, पण "तेच" झाड होईल याची खात्री नाही. करवंदात बीपासून आलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नसतं, म्हणून तर एकाच सड्यावर एक झाड गोड आणि शेजारचं तोंड वेडंवाकडं करायला लावणारं. आपण लहानपणी चावून बघायचो ना, कोंबडा का कोंबडी, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, तोच सगळा मामला.

तुम्हाला तेच झाड हवं असेल तर गुटी बांधा. पाऊस लागला की लगेच, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, चीक येईल तो फडक्याने पुसून थोडा वेळ सुकू द्यायचा, मग रूटिंग पावडर लावून ओलं शेवाळ आणि वरून प्लास्टिक घट्ट. मुळं प्लास्टिकमधून दिसायला लागली की खालून कापून पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा. सगळ्या गुट्या लागत नाहीत, म्हणून चार-पाच फांद्यांना बांधा. नुसती फांदी कापून मातीत खोचली तर करवंद फार क्वचित लागतं, त्यात वेळ घालवू नका.

बीच लावायचं असेल तर ते शिळं करू नका. पूर्ण काळं झालेलं फळ घ्या, गर चोळून धुऊन टाका, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पेरा. बरण्यांमध्ये भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी बहुतेक वाया जातं. बोटाच्या एका पेराहून कमी खोल पेरा, माती ओलसर ठेवा, दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसायला लागतात. रोप सुरुवातीला इतकं हळू वाढतं की माणूस वैतागतो, पहिलं वर्ष ते पिशवीतच राहू दे आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. बीच्या झाडाला साधारण लावल्यापासून तिसऱ्या वर्षी थोडी फळं यायला लागतात, गुटीच्या झाडाला आधी. सडा तुमच्याच मालकीचा आहे ना, तेवढं बघा, आणि मूळ झाड उपटून आणायच्या भानगडीत पडू नका, मोठं करवंद उपटलं की बहुतेक मरतंच.

झाडावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या आल्यात, पुढच्या बाजूला निळे डोळे असल्यासारखे ठिपके, शेपटीला छोटं शिंग! दोन दिवसांत अर्धी पानं गायब. माझी मुलं लहान आहेत, अळी विषारी आहे का? आणि मैत्रीण म्हणाली की करवंद कण्हेरीच्या कुळातलं, मग झाडच विषारी नाही ना? (नाशिक)

ते डोळे डोळे नाहीत, पक्ष्यांना घाबरवायचा देखावा आहे. ही ऑलिअँडर हॉकमॉथ नावाच्या मोठ्या हिरव्या पतंगाची अळी. कण्हेर, तगर, सदाफुली आणि करवंद ही सगळी एकाच कुळातली झाडं, तिला यातलं काहीही चालतं, त्यामुळे बागेत तगर असेल तर तिथेही शोधा. ती चावत नाही, डंख करत नाही. काडीने उचलून बाजूला करा, शक्यतो संध्याकाळी बॅटरी घेऊन, तेव्हा लवकर सापडतात. कीटकनाशक मारू नका, मोठ्या झाडाला पुन्हा पालवी येते, आणि अशा लांब नळीच्या फुलांवर रात्री पतंगच येत असतात. अगदी लहान रोप असेल तर मात्र रोज बघा, ते एका अळीत संपतं. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरात फवारा आणि नीमतेल.

मैत्रीण कुळाबद्दल बरोबर बोलली. कण्हेर विषारी आहे, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिची बी तर जिवावर बेतते. करवंदाचं पिकलेलं फळ आपण पिढ्यान् पिढ्या खातोय, त्याची काही भीती नाही, पण पानं, फांद्या, मुळं चघळायची नाहीत, आणि कच्च्या फळाच्या चिकाने काही मुलांचे ओठ चुरचुरतात. मुलांना एवढंच शिकवा की चिकाची झाडं तोंडात घालायची नाहीत, फक्त करवंद चालतं आणि तेही काळं झालेलं, आईला दाखवून. आणि बागेत करवंद नि बिट्टी शेजारी शेजारी नको. बिट्टी काढायची झाली तर बिनधास्त काढा.

इथे न्यू जर्सीत कुंडीत करवंद जगेल का? आईला फार आवडतात. (एडिसन)

बर्फात नाही जगणार. उन्हाळाभर बाहेर, आणि रात्री दहा डिग्री सेल्सियसच्या खाली जायला लागल्या की घरात सगळ्यात जास्त उजेडाच्या खिडकीत, अशी कसरत केली तर झाड जगेल, फळाचं सांगता येत नाही. भारतातून बॅगेतून बिया किंवा रोप घेऊन जाऊ नका, विमानतळावर ते काढून घेतात आणि वर दंड होऊ शकतो, तिथल्याच फ्लोरिडाकडच्या नर्सरीत ऑनलाइन शोधा. आईंसाठी मात्र लोणच्याची बरणी जास्त खात्रीची.

करवंदाचं लोणचं करताना हाताला, सुरीला, पातेल्याला चीक बसतो तो निघता निघत नाही, काय करू? शिवाय काढायची कधी, हिरवी की थोडी रंग आलेली? (बडोदा)

काकू, काढायची ती पूर्ण वाढलेली पण टणक, हिरवी. देठाशी लाली यायला लागली की लोणचं लवकर मऊ पडतं, अशी जेलीला ठेवा. काढल्यावर देठं मोडून मिठाच्या पाण्यात टाका आणि तासभर राहू द्या, बराचसा चीक तिथेच सुटतो, ते पाणी फेकून पुन्हा धुवा आणि फडक्यावर अगदी कोरडी करा. चिरायच्या आधी हाताला आणि सुरीला गोडंतेल चोळा. दोन भाग करा, बिया कोवळ्या असतील तर राहू द्या, टणक झाल्या असतील तर काढा. मग नेहमीसारखी मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि गार केलेली फोडणी. करवंद स्वतःच इतकं आंबट असतं की लिंबू पिळायची गरज नाही, चमचाभर गूळ घातलात तर चालेल, तुमच्याकडे बडोद्यात तर घालतीलच. पातेल्याला बसलेला चीक पाण्याने घासत बसू नका, आधी तेलाचा बोळा फिरवा आणि मग साबण. स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या, अॅल्युमिनियम आणि पितळ या आंबटाला चालत नाही.